उत्तमचे किलोमीटर अजून बाकी आहेत

त्या दिवशी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं? गाडी घेऊन?" मग कळलं. कुसगावचा उत्तम, रेल्वेतून निवृत्त झालेला माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारे अजून म्हणतात, त्यांची वेळ झाली होती. झाली नव्हती! लिहून ठेवा.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात, एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या आणि तेव्हापासून भांडण एकच, इंजिन ऑइल कधी बदलायचं? मी वर्षातून एकदा, सर्व्हिसवाला म्हणेल तेव्हा. उत्तम दोनदा, भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. त्याच दिवशी आमचा दसरा. इकडे औंढ्यात मी गाडीला झेंडूचा हार घालायचो, तिकडे कुसगावात हा गाडीखाली आडवा. "किसना, तू वरनं सजव, मी आतनं," म्हणायचा. त्याचं काढलेलं ऑइल माझ्या नव्या ऑइलपेक्षा स्वच्छ असायचं. वाळवी लागू नये म्हणून गावकरी ते दारांच्या चौकटींना फासायचे. इतकं फासलं की कुसगावची वाळवी उपाशी मरायला लागली आणि बिऱ्हाड घेऊन औंढ्याला आली. माझी चौकट तिनंच खाल्ली, यात मला तरी शंका नाही. आता खरं सांगू? माझीही गाडी अजून ठणठणीत पळते. पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवणं बंद सांगितलं आणि वहिनींना बाजूला घेऊन काही महिन्यांचीच मुदत. यानं ते दाराआडून ऐकलं. दवाखान्याच्या आवारात येऊन मला म्हणाला, "गाडीच्या पुस्तकात काय लिवलेलं असतं? इतके किलोमीटर किंवा इतके म्हैने, जे आधी होईल ते. ह्यो डॉक्टर निस्ते म्हैने मोजतोय. माझे किलोमीटर कुटं झाल्यात?" मी हसलो.

दसऱ्याला मी गेलो, तर ताडपत्री बाजूला आणि हा गाडीखाली शिरायच्या तयारीत. गाडी सहा महिने जागची हललेली नव्हती. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा राहुल फोनवर ओरडत होता, "पप्पा, गाडी विकायचीय, ऑइल कशाला?" मी ऑइल तपासायची दांडी ओढून दाखवली. "उत्तम, मधासारखं आहे रे. किलोमीटर कुठं झालेत?"

"म्हैने झाले की!"

"दवाखान्यात तर म्हणालास, किलोमीटर मोजायचे!"

"माझे किलोमीटर, गाडीचे म्हैने. उलटं घालू नगंस." आणि मग धापा टाकत म्हणाला, "नवं तेल घातलेली गाडी मानूस उभी करून ठेवतो व्हय?"

शेवटी खाली मी शिरलो. निम्मं ऑइल माझ्या तोंडावर सांडलं, त्याआधी मी गोरापान होतो. नवं तेल पडल्यावर त्यानं मला शेजारी बसवलं आणि डॉक्टरच्या, पोराच्या आणि स्वतःच्या हृदयाच्या नाकावर टिच्चून पवना धरणापर्यंत गाडी नेली, परत आणली. तेवढेच त्याचे शेवटचे किलोमीटर...

उत्तम गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्याच रविवारी राहुल गिऱ्हाईक घेऊन आला. पोरगा वाईट नाही, त्याला आईची काळजी. गिऱ्हाइकानं दांडी ओढली, पुसली, पुन्हा ओढली. "ऑइल तर नवंकोरं आहे!" तेवढ्यात सुमनवहिनी किल्ली मुठीत धरून पायरीवर आल्या.

"गाडी द्यायची न्हाई."

"आई, चालवणार कोण?"

"मी. त्यांनी तेल काय गिऱ्हाइकासाठी घातलं व्हय?"

राहुल माझ्याकडे बघायला लागला, मी आभाळाकडे.

आता वहिनींनी शिकाऊ लायसन्स काढलंय आणि औंढ्याच्या रस्त्यावर शिकवायला मी. पहिल्या गिअरमध्ये गाडी अशी उड्या मारते, की लोहगडावरची माकडं खाली येऊन कडेला ओळीनं बसतात. काल धीर करून म्हटलं, "वहिनी, क्लच असा सोडलात तर ऑइल वर्षातून चारदा बदलावं लागेल."

रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "किती येळा ते आता मी ठरवीन, भाऊजी. तुमी आदी पट्टा लावा."