डिझेलचं इंजिन आणि माझं लाटणं

मी गेली कित्येक वर्षं पोळ्या बाटलीनं लाटते, आणि त्याला कारण डिझेलचं इंजिन आहे.

नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो आणि चहा अर्धा टाकून उठतो. म्हणून एकदाचं सगळं नीट सांगून टाकते.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, संस्थानच्या काळात छोट्या गाडीवर गार्ड होते. ग्वाल्हेरहून भिंडकडे जाणारी ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून पेरू घेऊन परत चढत. कुणा गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना मामंजींना एक खेळण्यातली गाडी दिली होती. चावीचं हिरवं इंजिन आणि खोकंभर रूळ. राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरते म्हणतात. मामंजी म्हणायचे, आपली पत्र्याची असली तरी वेळेवर सुटते. त्यांचे दोन मुलगे, आमचे थोरले भाऊजी आणि आमचे हे, त्या गाडीवरच लहानाचे मोठे झाले. (मोठे झाले हा शब्द मी वयापुरता वापरते आहे.)

मामंजी गेले आणि वाटण्या झाल्या. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातलं घर निम्मंनिम्मं झालं, भांडी झाली, गाद्या झाल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा गुण्यागोविंदानं झाल्या. गाडीवर मात्र सगळं अडलं. दोघंही सरकारी हापिसात चष्मा लावून बसणारे बाप्ये, पण इंजिन सोडायला एकही तयार होईना. तेव्हा मध्यभारताची राजधानी सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने इंदूरला असायची. इंजिनाचंही तसंच करा, असं मी सुचवून पाहिलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी पंच म्हणून बसलेल्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, निवाडा दिला: इंजिन थोरल्याला, रूळ धाकट्याला. म्हणजे खेळायचं तर एकत्र यावंच लागेल.

तात्या शहाणे होते, पण त्यांना आपले पुतणे ठाऊक नव्हते. भाऊजींनी इंजिन काचेच्या कपाटात ठेवलं, ह्यांनी रूळ जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली सारले. समोरची लांबलचक बैठक होती, तिच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकली, आणि त्या दिवसापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. देशात शेकडो संस्थानं विलीन झाली, पण आमचं इंजिन आणि आमचे रूळ काही विलीन झाले नाहीत.

बायकांचं बोलणं चालूच होतं म्हणा. वहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि मी रोज गच्चीवर भेटायचो. पण पूर्वी एका चुलीशी बसून दोघी मिळून पोळ्या करायचो, मी लाटायची आणि त्या भाजायच्या, ते गेलं ते गेलंच. गच्चीवर काय, पापड वाळवता येतात. माणसाला बोलायला चूल लागते. मला वहिनींची फार आठवण यायची, आणि त्या तर फळीपलीकडे होत्या.

दर रविवारी हे पलंगाखालचे रूळ काढायचे, एकेक रूळ गोडं तेल लावून पुसायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे.  मी एकदा म्हटलंसुद्धा, एवढी मालिश मला बाळंतपणात मिळाली नाही.

अशात गावाबाहेरच्या मुरारहून सक्सेनाजी सायकल हाणत आले. हे ह्यांचे गाडीमित्र. त्यांच्याकडे इंजिन नाही, रूळ नाहीत, फक्त दोन डबे. ह्यांच्याकडे नुसते रूळ. तरीही दोघं दर आठवड्याला बसून ‘आपली गाडी’ म्हणून तासन्‌तास बोलू शकत. त्या दिवशी सक्सेनाजींच्या हातात कुठलंसं विलायती मासिक होतं, आणि त्यात एका नव्या इंजिनाची जाहिरात होती. डिझेलचं इंजिन. खरी डिझेलची गाडी तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिलीही नव्हती, आणि हे तिचं खेळणं लवकरच बाजारात येणार होतं.

मी डोकावून पाहिलं. धुराडं नाही, घंटा नाही, पुढून जसं तसंच मागून. मला तर ती लांबट साबणाची वडी वाटली. चालणार कशावर, तर विजेवर. मग त्याला डिझेल कशाला म्हणायचं, असं मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मी चहा टाकायला निघून गेले.

पण ह्यांचा चेहरा मी पाहिला होता. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा तो तसा झाला नव्हता. मासिक सक्सेनाजींचं, म्हणून हे हापिसातून सुटले की ते चित्र बघायला थेट मुरारला जायचे. जाऊन-येऊन दमायचे आणि जेवताना म्हणायचे, आज बाजूच्या खिडक्या नीट बघितल्या. मुंबईच्या एका दुकानाला लिहून मागणीही नोंदवली. स्वतःचं इंजिन आलं की कुणाच्या कपाटाकडे बघायला नको, असं म्हणायचे. म्हणायचे आणि फळ्यांच्या भिंतीकडे बघायचे.

मग निघाली अडचण. इंजिन लांब आहे, लहान वळणावर घसरेल, असं त्या मासिकातच कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं. पारख करायला तेवढ्याच लांबीचं काहीतरी हवं होतं. चित्राखाली दिलेली लांबी सुतळीवर मोजून आणली आणि घरभर फिरवली, तर ती बरोब्बर जुळली माझ्या लाटण्याशी. माझ्या माहेरचं शिसवी लाटणं! त्याला खालून दोऱ्याची रिकामी रिळं चाकांसारखी बसवली आणि ते झालं डिझेल. मी म्हटलं, पोळ्या? तर म्हणाले, दोन दिवस बाटलीनं लाट.

दोन दिवसांचे पंधरा झाले. आमच्या अर्ध्या बैठकीत रूळ कसेही मांडा, लाटणं प्रत्येक वळणावर पालथं पडायचं. मोठं वळण हवं होतं, आणि मोठं वळण हवं तर पुरी बैठक हवी होती. म्हणजे फळीपलीकडची. हे उदास होऊन रुळांच्या मधोमध मांडी घालून बसले. मी भाऊजींशी बोलू का विचारलं, तर खबरदार म्हणाले.

खबरदार म्हटलं की मला हुरूप येतो. गच्चीवर वहिनींशी मसलत केली. त्यांच्या बैठकीत फळ्यांच्या भिंतीला लागून मोठं तख्त होतं, त्यावरची चादर जमिनीपर्यंत लोंबायची. दोन्ही नवरे हापिसात असताना आम्ही दोघींनी शेजारची करवत आणली आणि फळ्यांना खाली दोन भोकं पाडली, एक जायचं, एक यायचं. करवत मी चालवली. (पहिलं भोक वीतभर वर पडलं, म्हणून एकूण तीन झाली. त्यातून पुढे मांजर ये-जा करू लागलं आणि दोन्हीकडचं दूध पिऊन गलेलठ्ठ झालं.) मग तख्ताखालून अर्धं वळण मांडलं. भाऊजी ज्या तख्तावर बसून आमच्याशी अबोला धरायचे, त्याच्याच खालून आमची लाईन गेली.

संध्याकाळी हे आले, भोकं पाहिली. मला वाटलं आता फटके तेवढे बाकी आहेत. पण हे पालथे झोपले आणि त्या चुकून वर पडलेल्या भोकाला डोळा लावून राहिले. खूप वेळ राहिले. मापं घेताय का, विचारलं. म्हणाले, “इथून, चादरीच्या फटीतून, दादाचं कपाट दिसतं गं. इंजिनावर धूळ आहे.”

त्यांना डिझेल नकोच होतं हो. म्हणजे हवं होतं, पण ते असं हवं होतं जसं तापात माणसाला बर्फ हवासा वाटतो. दुखणं निराळंच होतं. मला ते त्या दिवशी कळलं आणि माझे डोळे भरून आले. (बाटलीनं लाटलेली पोळी करपत होती, ते एक कारण होतंच.)

भाऊजी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचे. तेवढा तासभर डिझेल सुटायचं. इकडून हे काठीनं एक सणसणीत ढकल द्यायचे, लाटणं खडखडत पलीकडे जायचं, तख्ताखालून वळण घेऊन दुसऱ्या भोकातून परत यायचं. ते परत आलं की हे लहान मुलासारखे हसायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग भोपाळ निघालं.

राज्यांची पुनर्रचना होणार, नवी राजधानी भोपाळ, हापिसं तिकडे हलणार, अशी बोलणी तर बरेच दिवस चालली होती. एका गुरुवारी कळलं की भाऊजींचं हापिसही जाणार, ह्यांचं मात्र इथंच राहणार. त्यामुळे भाऊजी देवळात गेलेच नाहीत. त्यांचे साहेब आणि हापिसातले दोघे तिघे घरी आले आणि तख्तावर पाय सोडून बसले. भोपाळला घरं मिळत नाहीत, पाणी कसं असेल, मुलांच्या शाळांचं काय, अशी सगळ्यांची कुजबुज आणि तोंडं उतरलेली. वहिनी चहात गुंतलेल्या. मला कळवायचं राहून गेलं.

इकडे ह्यांनी वेळ झाली म्हणून ढकल दिली. लाटणं गेलं, पण परत येईना. ते साहेबांच्या टाचेला जाऊन थडकलं होतं. साहेबांनी पाय जरा हलवला, त्यांना वाटलं मांजर असेल. थोडा वेळ वाट पाहून ह्यांनी भोकातून खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपायला लागले. चाचपता चाचपता हाताला लागला तो साहेबांचा घोटा. लाटणंच समजून ह्यांनी तो घट्ट धरला.

“साँप! साँप!” पलीकडून अशी आरोळी आली की माझ्या हातातली बाटली सुटली. मी स्वैपाकघरात होते. हे काय करताहेत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. वहिनींच्या घरात साप, एवढंच डोक्यात. दारामागची काठी घेतली, पुढच्या अंगणातून धावत गेले आणि पाहते तो सगळं हापीस तख्तावर उभं! साहेब एका पायावर. मी पदर खोचला, चादर वर उचलली, अंधारात काहीतरी लांबट वळवळत होतं, आणि देवाचं नाव घेऊन त्यावर दोन काठ्या ओढल्या.

सापानं “मेलो गं आई” असं शुद्ध मराठीत म्हटलं.

 तख्तावर कुणी हलेना. तेवढ्यात भाऊजी खाली उतरले, साहेबांसमोर धोतर सावरत गुडघ्यावर बसले आणि भोकाशी तोंड नेऊन म्हणाले, “बंडू, लागलं का रे?”

चार वर्षांत पहिल्यांदा. फळीपलीकडून ह्यांचा आवाज आला, “नाही दादा.” आणि भोकात अडकलेला हात तर टम्म सुजला होता, नंतर मीच त्यावर आंबेहळद लावली.

भाऊजींनी तख्ताखालून लाटणं ओढून काढलं. रिळं फिरवून पाहिली. हे काय म्हणून विचारलं, तर भिंत म्हणाली की डिझेलचं इंजिन आहे. भाऊजींनी मान हलवली, जणू सगळ्यांच्या घरी असतं. पाहुणे चपला शोधून निघून गेले. (साहेबांनी पुढे त्या घरचा चहा घेतला नाही.) मी मान खाली घालून आमच्या बाजूला परत आले. हे सुजलेला हात मांडीवर घेऊन रुळांपाशी बसले होते. पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग किर्र किर्र किर्र, चावी भरल्याचा आवाज. ह्यांनी माझा हात धरला. आणि मामंजींचं हिरवं इंजिन भोकातून बाहेर आलं, ह्यांच्या समोरून वळलं आणि दुसऱ्या भोकातून परत आपल्या घरी गेलं. परत येऊन गेलं. चावी संपेपर्यंत फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी फळ्या काढल्या. सक्सेनाजी दोन डबे घेऊन आले, आणि ग्वाल्हेरात प्रथमच आमची पुरी गाडी सुटली. वहिनी आणि मी एका चुलीशी बसलो. मी बाटलीनं लाटत होते, त्या भाजत होत्या, आणि दोघी रडत होतो. आता सगळं जमलं होतं, आणि आता निघायचं होतं.

मुंबईचं डिझेल काही आलं नाही. परदेशी मालाची आयात सरकारनं आवळली म्हणे. ह्यांनी ते ऐकलं आणि फक्त ‘असू दे’ म्हणाले.

भोपाळला निघायच्या दिवशी पुन्हा वाटणी झाली आणि पुन्हा भांडण झालं. या वेळी उलटं. हे म्हणायचे, दादा, तू रूळही ने. भाऊजी म्हणायचे, तू इंजिन ठेव. हमरीतुमरीवर आले. तात्या असते तर त्यांनी कपाळ बडवून घेतलं असतं. भाऊजींचंच खरं झालं. थोरले होते ना. गाडी आमच्याकडे राहिली. स्टेशनवर गाडीनं शिट्टी दिली तेव्हा भाऊजींनी खिडकीत बसून कोटाच्या आतून काहीतरी काढून दाखवलं. माझं लाटणं, रिळांसकट.

“डिझेल मी नेतोय,” ते म्हणाले. “तू रूळ टाकत ये.”

वहिनी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. गाडी लहान होत होत पुलाखाली गेली, आणि आम्ही दोघं रिकाम्या फलाटावर उगाच उभे राहिलो.

लाटणं आता भोपाळला काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांनी विचारलं तर भाऊजी गंभीरपणे सांगतात, ग्वाल्हेरचं डिझेल आहे. इकडे बाजारात लाटण्यांना तोटा नाही, हे मलाही माहीत आहे. पण नवं घेतलं तर ते परत यायचं नाही, असं उगाच मनात येतं, आणि मी दुकानावरून तशीच पुढे जाते. बाटलीनं पोळी धड गोल होत नाही. हे ताटातली पोळी उचलतात, उजेडात धरतात, तिच्या कडा बघतात आणि म्हणतात, “वळणावर घसरली.”