तीस वर्षं अडलेला सवाल : साक्री ते भडगाव

"आता हे कोण वाचणार?" असं संपादकांनी विचारलं आणि मी धुळ्याची बस पकडली. फ्रीलान्स लिहिणाऱ्या बाईला एवढी चिथावणी पुरते. विसरलेल्या गोष्टींचं मला वेडच आहे. या वेळी डोक्यात होते खान्देशातले कलगी-तुऱ्याचे सामने : कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या, आणि डफावर गाऊन एकमेकांना घातलेली कोडी.

धुळ्याहून एसटीने साक्री, तिथून रिक्षाने आबांचं गाव. स्टँडजवळ शेवभाजी जरूर खा; दीडशेत पोट भरतं, नाकाडोळ्यांतून पाणी येतं ते फुकट. तुरेवाले आबा ऐंशीच्या पुढचे. त्यांचा शेवटचा सवाल तीसेक वर्षं तसाच पडून आहे : पाणी जन्मलंच नव्हतं, तेव्हा तहान कोणाला लागली? समोरचे कलगीवाले नाना त्या दिवशी गप्प बसले आणि पुढे सामनेच बंद पडले.

मी मोबाईल पुढे केला. "उत्तर सांगा ना आबा, मी जपून ठेवते."

"नही, ताई. समोरना जवाब देस, नही ते डफले हात लाईसन हार मानस, तवयच सांगतस. रीत शे. नही ते मन्हासंगे जाई जवाब."

म्हणजे समोरच्याने जवाब दिला किंवा डफाला हात लावून हार मानली तरच उत्तर, नाहीतर ते आबांबरोबरच जाणार. आणि गेल्या वर्षी त्यांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मला धडकीच भरली.

दुसऱ्या दिवशी भडगाव. थेट गाडीची वाट पाहू नका, धुळ्याला बदला. गिरणेकाठच्या एका गावात नाना सापडले. "आबा जित्ता शे?" म्हणत उठलेच. जवाब त्यांनी कधीच शोधला होता, पण सामनाच नाही तर सांगायचा कुठे? भाकरी-भरीत बांधून घेतलं आणि बसमध्ये अख्खा रस्ता पुटपुटत राहिले.

चामडं ताणावं म्हणून आबांनी डफ विस्तवावर शेकला आणि त्यांच्या अंगणात नाना उभं राहून गायले. त्यांचा जवाब होता, धरती.

"चुकना!" समोरचा चुकला म्हणून आबा भलतेच खुशीत.

आबांच्या दवाखान्याच्या वाऱ्या मी नानांना सांगितल्याच होत्या; ते डफाला हात लावायला वाकले. आपण हरलो तर हरलो, जवाब तरी उरेल म्हणून. आबांनी डफ झटकन मागे ओढला. "हारू नको रे. मंग मी कोनसंगे गाऊ?"

मी चिडले, आणि मला रडूही आलं.

पुण्यात परतून महिना झाला. लेखात उत्तराची जागा कोरीच आहे. नाना मात्र एकटेच दोनदा साक्रीला जाऊन आले. काल त्यांचा फोन आला.

"ताई, जवाब सापडना. खरा."

"सापडला? मग आबांना सांगितलात?"

"इतल्यात नही. तो रोज डफ शेकस, मन्ही वाट देखत. शेकू दे आखो."

मी संपादकांना कळवलं, लेखाला उशीर होईल.