प्रोफेसरचं शेवटचं भाषण

आमच्या वसईच्या गावात चर्चच्या सणाला दरवर्षी नाटक व्हायचं. त्यात कॅप्टन कधी वाईट निघाला नाही आणि प्रोफेसर कधी चांगला निघाला नाही. 'मेजर' म्हटलं की लोक निर्धास्त, 'डॉक्टर' म्हटलं की बायकांची कुजबुज सुरू. सैनिकाचा गणवेश मंडळाकडे एकच होता. तो ज्याच्या अंगात बसेल तो नायक. माझे पप्पा चांगले गरगरीत, त्यात शाळामास्तर, चष्मेवाले आणि शुद्ध बोलणारे. मग काय, काळा कोट आणि विषाची बाटली कायम त्यांच्याच वाट्याला.

पप्पा ते हसण्यावारी न्यायचे. पण एकदा वाडीत केळींना पाणी लावताना मला म्हणाले, "तू लिहितेस ना? एकदा मला चांगला माणूस करून बघ. शिव्या खूप खाल्ल्या, आता टाळ्या घ्यायच्यात."

मी लिहिलं. माझ्या नाटकात कर्नल लबाड होता आणि प्रोफेसर साथीतून गाव वाचवत होता. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

प्रयोगात पप्पा आजारी मुलीला औषध पाजायला पुढे झाले, तोच अर्नाळ्याहून सणाला आलेली एक म्हातारी ओरडली, "पिऊ नको गं पोरी, त्या पान्यात विष हाय!" सगळा मांडव तिच्या सुरात ओरडू लागला. मी विंगेतून पप्पांना खुणावत होते, पुढचं वाक्य घ्या. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि ठेवणीतलं ते खलनायकी हसू हसले. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. कर्नलला नाइलाजानं चांगलं व्हावं लागलं.

दोन दिवस मी पप्पांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले. म्हणाले, "लोक वर्षभर त्या हसण्याची वाट बघतात गं. मला राहवलं नाही. पण तू लिहिलेलं प्रोफेसरचं शेवटचं भाषण मला तोंडपाठ आहे. ऐकवू?"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आता कशाला?"

पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. हल्ली मोबाइलवरच्या मालिकेत प्रोफेसर दिसला की माझी मुलं लगेच म्हणतात, हाच खुनी. मला मात्र पप्पांची फार आठवण येते. ते भाषण माझ्या वहीत आहे, शब्द न् शब्द. पण पप्पांनी ते कसं म्हटलं असतं, कुठे थांबले असते, ते आता मला कधीच कळणार नाही. ऐकवा म्हणायला माझं काय जात होतं?