मॅडमचे हरवणारे यजमान

संवादशास्त्राच्या प्राध्यापक मॅडम निवृत्त झाल्या आणि घरच्यांना वाटलं, आता त्या निवांत बसतील. पण मॅडम वाचनालयात आजी-आजोबांना मोबाइल शिकवू लागल्या. सकाळी शाळेसमोर शिट्टी फुंकून गाड्या अडवू लागल्या. वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवू लागल्या, तोही संपादकाच्या चुका काढत. इमारतीतल्या कचऱ्याच्या डब्यांवर त्यांनी अशी चित्रं काढली, की 'ओलं-सुकं कळत नाही' म्हणणाऱ्या शेजाऱ्याची चांगलीच पंचाईत झाली.

यजमान जन्मभर चष्मे विकत आले. लोकांना नीट दिसावं याची सोय करणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र रस्ता कधी सापडला नाही. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले, ते शेजारच्यांकडे चहा पिऊन, त्यांच्या मुलांची चौकशी करून परत आले.

आणि एक दिवस बायको म्हणाली, "अहो, चला. तुमची गरज आहे."

"माझी? कशाला?"

"हरवायला."

मॅडमनी सरकारी रुग्णालयातल्या पाट्या सुधारायचं काम हाती घेतलं होतं. एक मुलगा आईला पाठुंगळी घेऊन एक्स-रेची खोली शोधत फिरला आणि पोहोचला तेव्हा खोलीला कुलूप, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 'क्ष-किरण शास्त्र विभाग' असं लिहिलेल्या दारासमोरूनच तो गेला होता, पण त्याला ते कळणार कसं? मॅडमनी कागदावर चित्रं काढली, बाण काढले, ते भिंतींवर चिकटवले आणि यजमानांना दारात सोडलं. हे पोहोचले तर कुणीही पोहोचेल, असा त्यांचा हिशोब. कुठे चुकले, ते त्या वहीत टिपायच्या.

यजमान ऐटीत हरवायला लागले. पण आठवडाभरात घोटाळा झाला. त्यांना रस्ते पाठ झाले!

"हुशार झालात हो तुम्ही," मॅडम हळहळल्या. "आता काय उपयोग तुमचा?"

रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "चित्रांवरून माणूस पोहोचतो हे मला दाखवून द्या, तरच जुन्या पाट्या उतरवीन. नाहीतर तुमचे कागद काढून टाका." परीक्षेच्या दिवशी त्यांनी वाटही स्वतःच निवडली: रक्ततपासणीपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत. या वाटेने यजमान कधीच गेले नव्हते.

दाताच्या चित्रामागून ते निघाले. एक वळण, जिना, दुसरं वळण झालं आणि दात गायब. समोर तीन दारं.

तिथे झाडू मारणाऱ्या मावशींनी त्यांना ओळखलं. "मॅडमचे ना तुम्ही? डावीकडून जा. मी नाही सांगणार कुणाला."

यजमान डावीकडे वळले, पण थबकले. डावीकडे गेलं की बायको जिंकणार. पण मग उद्या इथे येणाऱ्या माणसाला मावशी भेटल्या नाहीत तर? "मावशी, मला काही सांगू नका हो," ते म्हणाले आणि शेवटचा बाण ज्या दिशेला होता, तिकडचं दार ढकलून आत शिरले.

आत धुवायच्या चादरींचा ढीग होता. त्यावर गाल सुजलेला एक माणूस बसला होता. तोही दातच शोधत आला होता.

थोड्या वेळाने सगळी मंडळी शोधत तिथे आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचे यजमान धुलाईला पोहोचले."

यजमानांनी मान खाली घातली. "अगं, तिथे बाणच नव्हता. मावशी सांगत होत्या, मीच नको म्हटलं."

मॅडमचा चेहरा असा फुलला, की डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "ऐकलंत? इतका प्रामाणिक हरवणारा माणूस कुठे असेल तर दाखवा मला!" असं म्हणत त्यांनी पर्समधून कागद काढला, त्यावर भलामोठा दात काढला, बाण काढला आणि वळणावर चिकटवला. गाल सुजलेला माणूस त्याकडे बघून, कुणालाही न विचारता डावीकडे गेला. त्याच्यामागे डॉक्टरीणबाई गेल्या. तो दातांच्या खुर्चीत बसल्याची खात्री करून परत आल्या.

"उद्यापासून जुन्या पाट्या उतरवा," त्यांनी मावशींना सांगितलं. मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, "वरचा मजला अजून तुम्ही पाहिलेला नाही ना?"

"नाही."

"मग मॅडम, यांना तो आधी दाखवू नका."

यजमानांनी कॉलर नीट केली आणि बाहेर जायला म्हणून भलत्याच दिशेला निघाले. मॅडम कौतुकाने बघत राहिल्या आणि वही उघडून मागोमाग गेल्या.