लाल ठिपक्याची पाटी

स्वतः बनवलेला माल स्वतःच्याच घरात सतत नापास करणारा माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात एकच असावा, आणि तो सांगवीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. हे काका चाकणकडच्या निघोज्याच्या एका कारखान्यात टूलरूमला, साचे आणि हत्यारं घडवायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी टेबलावर मावणारं, संगणकाच्या हुकमाने धातू कोरणारं सीएनसी मशीन आणलं आणि जेवणाचं टेबल त्याला देऊन टाकलं. तेव्हापासून नवराबायको जमिनीवर जेवतात. पहिलं काम ठरलेलं होतं: दारासाठी पितळी पाटी, तिच्यावर काकूंचं नाव. फ्लॅट काकूंच्या नावावर, दारावर मात्र अजून आधीच्या मालकाचं नाव होतं. काकूंना काचबिंदू होता. डोळ्यांत थेंब घालता घालता त्या म्हणायच्या, "दिसतंय तवर लावा, अहो."

पण काकांनी कारखान्याचा रिवाज घरी आणला होता. पहिला नग तपासनिसाने पास केल्याशिवाय पुढचं काम नाही, आणि नापास नगावर लाल रंगाचा ठिपका. तपासनीस अर्थातच काकू. पहिल्या पाटीला काकांनी कंपनीतल्या अवजड मशीनचा फीड दिला, म्हणजे कापणारं टूल सरकण्याचा वेग, आणि खोलीही तेवढीच. टेबलावरचं मशीन थरथरलं, फळीवरच्या कपबशा वाजल्या. अक्षरं खोल उमटली, कडांना लाटा आल्या.

"छान आलीय की. लावा."

"लाटा दिसत नाहीत तुला?"

"नाव दिसतंय. मला नाव पायजे, आरसा न्हाई."

"आमचा इन्स्पेक्टर फितूर आहे, राव," असं मला सांगून काकांनी ठिपका दिला.

मग फीड इतका उतरवला की टूल कापायचं सोडून नुसतं घासत राहिलं. ठिपका. टूल गरगर फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग वाढवला, खोली केसाएवढी केली. पुन्हा ठिपका. मशीनशी कान नेऊन बसायचे आणि कुकरची शिट्टी झाली तरी काकूंनाच दटावायचे, "गप्प! पितळ बोलतंय." पितळेचा चुरा पायपुसण्यात सापडे, उशीवर सापडे, एकदा वरणात सापडला. काकू म्हणाल्या, "कंपनीनं तुमाला सोडलं, तुमी काय कंपनीला सोडत न्हाई." काका हसले आणि फीड आणखी थोडा बदलला.

मनासारखी पाटी निघाली तोवर काकूंची नजर गेली होती. पाटी खरोखर सुरेख होती. अक्षरं नाजूक, कडा गुळगुळीत. काकांनी ती त्यांच्या हातात दिली तेव्हा मी तिथे होतो. काकूंनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कोरी हाय का ओ ही?"

काकांनी नापास मालाचा डबा उपसला आणि तळातली पहिली पाटी पुढे केली. काकूंचं बोट खोल अक्षरांतून सावकाश गेलं.

"ही. ही लावा."

तीच लागली आहे. लाल ठिपका काकांनी पुसलेला नाही. मशीनवर चादर आहे. संध्याकाळी दोघं फिरून येतात, तेव्हा काकू दाराशी थांबून आपलं नाव हाताने वाचतात. काका किल्ली घेऊन शेजारी उभे राहतात आणि त्यांचं वाचून होईपर्यंत कुलपाला हात लावत नाहीत.