जाळी रोज धुवायची असते

आमची विहीर चार हिश्शांची. आजोबांनी खणली, मग भावाभावांत वाटण्या झाल्या, जमिनीचे चार तुकडे पडले. विहिरीचे कसे पाडणार? म्हणून विहीर एक, मोटर एक, आणि पाण्याच्या पाळ्या चार. चौघांच्याही संत्र्याच्या बागा, चौघांच्याही ठिबकच्या नळ्या त्याच एका मोटरीवर.

मी शाळेत फार गेलो नाही. गुरुजींनी एकदा कान पिळला, मी उठलो तो सरळ वावरात आलो. पण एक गोष्ट कोणी न शिकवता धरली. आपली पाळी संपली की फिल्टर उघडायचा, आतली जाळी काढायची, ब्रशनं शेवाळ घासायचं आणि मगच पाणी पुढच्याकडे फिरवायचं. जाळी तुंबली की नळीच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, आणि ते झाड काही तोंडानं सांगत नाही. बाकीचे तिघं आठवण झाली तर धुवायचे. त्यांची घाण मी माझ्या पाळीच्या आधी काढायचो, माझी नंतर.

शेजारचा हिस्सेदार माझा चुलतभाऊ. वयानं लहान, तोंडानं मोठा. तो धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, ओरडायचा, "दादा, जाळी घासून राह्यले का नवरीचं तोंड धुऊन राह्यले? चांदीची होते काय ते?"

"तुह्या झाडाले पानी पोचते का नाई?"

"पोचते."

"मंग चूप बस."

हे सांगायचं कारण मागच्याच्या मागचा हिवाळा. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा तर त्या दिवसांत झाडं ताणावर सोडावी लागतात. पाणी पार बंद. पानं पिवळी पडतात, काही गळतात, झाड मान टाकतं. पाहवत नाही. ज्याचा जीव कळवळला आणि ज्यानं लवकर पाणी सोडलं, त्याच्या झाडाला नुसती पालवी येते, फूल येत नाही. चुलतभावानं आदल्या साली तेच केलं होतं. बाग हिरवीगार, आणि फळ घरच्या पाहुण्यांपुरतं. उलट ज्यानं ताण जास्त ओढला, त्याच्या फांद्याच वाळतात.

त्या हिवाळ्यात विहिरीला पाणी कमी होतं. चौघांचा ताण एकदम पाणी देऊन तोडता आला नसता. पहिलं पाणी कोणाचं, यावरून भांडण पेटलं. तिसरा हिस्सेदार थोरल्या घरचा माझा पुतण्या, त्यानं स्टार्टरच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावलं. चौथ्या हिस्सेदारानं मोटरीची वायर तोडून घरी नेली. झालं! चावी एकाकडं, वायर दुसऱ्याकडं, आणि पाणी कोणाकडंच नाही. चारही बागांतली पानं खाली पडायला लागली.

शेवटी चुलतभावच म्हणाला, "चावी दादाले द्या."

"काकाजीची बी बाग आहे ना," पुतण्या म्हणाला. "ते आपलीच पह्यले भिजवतीन."

"अबे, जो मानूस रोज आपली घान धुते अन् बोलूनई दाखवत नाई, तो पानी चोरन काय?"

बोलून दाखवत नाही, हे खोटं होतं. मी पुष्कळदा दाखवलं होतं. पण त्या वेळी मी हात पुढं केला.

चौथ्यानं वायर परत आणून जोडली, आणि चावी घेताना मी अट घातली. पाळी माणूस पाहून नाही, झाड पाहून लागेल. रोज सकाळी चौघांनी मिळून चारही बागा फिरायच्या, आणि ज्याची झाडं जास्त थकली त्याला पाणी आधी. पुतण्याची जमीन मुरमाड, तिथं ओल टिकत नाही. म्हणजे ज्यानं कुलूप लावलं, त्यालाच पहिलं पाणी! बाकीच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. पण झाडं समोर होती, नाही कोण म्हणणार? माझी जमीन भारी काळी, ओल धरून ठेवणारी. माझा नंबर शेवटचा लागला. यात मोठेपणा काही नव्हता. माझाच नियम माझ्या गळ्यात आला होता.

माझी पाळी आली त्याच सकाळी विजेची डीपी जळाली. नवी अमरावतीहून येणार म्हणे. कधी येणार, ते अमरावतीलाच माहीत.

दिवस जाऊ लागले. आता नुसता हात लागला तरी पानं पडत होती. शेंड्याच्या काड्या सुकत चालल्या. बायको माझ्यामागं बागेत आली. ही कलमं तिनं घागरीनं पाणी घालून जगवलेली.

"चावी तुमच्या कमरेले, अन् वाळून राह्यली आपलीच बाग," ती म्हणाली. "काय कामाची मंग ते चावी?"

मी विहिरीवर गेलो, फिल्टर उघडला, कोरडी जाळी काढली आणि बादलीत धुतली. मोटर बंद, शेवाळ नाही, तरी धुतली. तेवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं, ते कसं सोडू?

डीपी आली तोवर पुतण्याच्या मुरमाड जमिनीला दुसऱ्या पाण्याची गरज पडली होती. त्याची झाडं खरंच कोमेजली होती. मी नेहमीसारखा तिघांना घेऊन फिरलो. माझ्या बागेत आल्यावर पुतण्या खालची पानं पायानं चाळवत उभा राहिला. मग म्हणाला, "काकाजी, चावी द्या."

मला वाटलं, तो आपलीच बाग भिजवणार. पण दिली.

तो विहिरीकडे गेला. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं पाणी माझ्या नळ्यांतून ठिबकायला लागलं.

"माही झाडं अजून दोन दिवस काढतीन," परत येऊन तो म्हणाला. "तुमची नाई काढत."

बायको नळीच्या पार टोकाला, शेवटच्या झाडाजवळ जाऊन बसली होती. तिथून ओरडली, "आलं वो! इथपावतर आलं!"

काही फांद्या गेल्या, त्या मी छाटल्या. पण पुढं बाग अशी पांढरी झाली की फुलांचा वास रस्त्यापर्यंत जायचा. चौघांच्याही बागा फुलल्या. पुतण्यानं चावी मला परत आणून दिली, ती अजून माझ्याच कमरेला आहे. आता गावातले लोक दुसऱ्या विहिरींची भांडणं घेऊन माझ्याकडे येतात. मी सगळ्यांचं ऐकून घेतो, पण त्याआधी त्यांच्या विहिरीवर जाऊन फिल्टर उघडून पाहतो. अर्धं भांडण तिथंच दिसतं.

परवा सकाळी विहिरीवर गेलो तर आमची जाळी धुऊन काठावर वाळत घातलेली. चुलतभाऊ धुऱ्यावर उभा, जसं काही पाखरंच मोजतो आहे. मी जाळी उचलून उजेडात धरली.

"कडा राह्यल्या," मी म्हणालो.

"तुमाले त देव बी धुऊन देईन तरी कडाच दिसतीन, दादा."

मी कडा घासल्या नाहीत. ब्रश त्याच्या हातात दिला आणि तो घासेपर्यंत तिथंच उभा राहिलो.