पिवळ्या पट्ट्याचं संशोधन

कादंबरीसाठी माहिती हवी म्हणून गेल्या हिवाळ्यात मी खाडीकाठच्या एका कंपनीच्या गेटसमोर, चहाच्या टपरीवर आठ दिवस बसलो. एवढा चहा प्यायलो की टपरीवाल्याने घरावर स्लॅब टाकला, असं मी सगळ्यांना सांगतो. स्लॅब आधीपासूनच होता, असं टपरीवाल्याचं म्हणणं. या तपश्चर्येतून हाती एकच गोष्ट लागली: गळ्यातलं ओळखपत्र निळ्या पट्ट्याला असेल तर माणूस पर्मनंट, पिवळ्याला असेल तर ठेकेदाराचा. वहीत ते लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझा नायक ठेकेदाराकडचा होता आणि अकराव्या प्रकरणात त्याचं लग्न काही केल्या जुळेना.

नवव्या दिवशी पेणला रोह्याची दुपारची गाडी पकडली. समोर दोन बायका बसल्या, नणंद-भावजय. टोपलीत सुकट होती. तिच्या वासाने डब्यातला पंखा बंद पडला. कासू स्टेशन येईपर्यंत मला कळलं की भावजयीच्या मुलीचा रविवारी निडीला, त्यांच्या गावी, साखरपुडा आहे.

"पोरगा खाडीवरल्या कंपनीत पर्मनंट हाय गो," भावजय म्हणाली. "तेवढ्यासाठीच व्हय म्हटलं. पोरीचा बाप ठेक्यावर. ठेका सुटला की सहा-सहा महिने घरात बसून माज्या तोंडाकडं बघायचा. पोरीच्या वाट्याला ते नको."

"फोटू तरी दाखव."

नणंदेने फोन लांब धरला, म्हणजे जवळजवळ माझ्या नाकाशी. हेल्मेट, कोवळी मिशी, हसू, आणि गळ्यात पिवळा पट्टा.

मी गप्प बसलो. उगाच कशाला कुणाच्या घरात शिरा, असला सुविचार नव्हता. पुढे व्हायचं ते होईल, निडीला चार खेपा मारल्या की अकरावं प्रकरण आयतं पदरात पडेल, असा सरळ बेत होता. तोवर तिचं बोलणं त्याच पानावर, दोन रेघांखाली, शब्दन् शब्द उतरवत होतो.

नागोठणं गेलं. भावजय मुलीच्या साडीचे काठ सांगायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पोरगा पर्मनंट नाही."

"तुमी कोन वो? कंपनीतले काय?"

"नाही. कादंबऱ्या लिहितो."

"म्हंजे खोटं लिवता."

"पुष्कळ. पण हे नाही." मी वही पुढे केली.

तिने रेघांवरची ओळ बोट ठेवून वाचली. बोट तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

"हा तर माजा नवरा! आमचं बोलनं चोरून लिवतोस मेल्या?"

"सुकटीचा वास पन लिवलाय बघ," नणंद वाकून म्हणाली.

टर्रकन पान फाटलं. आवाज रोह्यापर्यंत गेला असणार.

निडीला दोघी उतरल्या. पान कमरेला खोचलेलं, फोन स्पीकरवर, तोंडासमोर धरलेला. माझ्या खिडकीपासून दोन हातांवर उभं राहून भावजय ओरडली, "रविवारचं ऱ्हाऊ दे गो. त्याचा पट्टा पिवळा हाय. ठेक्यावरचा हाय तो!"

पलीकडून मुलीचा आवाज आला, अगदी शांत: "आई, फोन ठेव. मी इचारते त्याला. तुमी कोनी मधे बोलू नका."

गाडी हलली. आई फलाटावर उभी होती, फोनकडे बघत. नणंदेने टोपली डोक्यावर घेतली होती, पण पुढे पाऊल टाकलं नव्हतं.